रिंग फिरते, पाकळ्या हलत नाहीत: हेलिओस ४४ आणि एम४२ लेन्सचं जुनं दुखणं

लक्षण नेहमी एकच असतं. एम४२ आट्यांची जुनी लेन्स, बहुतेक वेळा सोव्हिएत घराण्यातली हेलिओस ४४, अ‍ॅडॅप्टर लावून मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवलेली. फोकस होतो, फोटो निघतो, मागची झाडं भोवऱ्यासारखी गरगरलेली दिसतात म्हणून मालक खूश असतो. मग एक दिवस घरच्या कार्यात ग्रुप फोटो काढायची वेळ येते. तो लेन्सचं भोक लहान-मोठं करणारी अ‍ॅपर्चर रिंग ८ वर नेतो, तरी मागच्या रांगेतली माणसं पुसटच. १६ वर नेतो, तरी तेच. लेन्स काढून उजेडाकडे धरून बघतो तर भोक सताड उघडं, ते मिटवणाऱ्या पातळ पाकळ्यांचा पत्ताच नाही. मग निदान होतं: "ब्लेड जाम झालेत, उघडून साफ करावी लागेल."

स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी दोन मिनिटं द्या. माझ्याकडे 'जाम' म्हणून आलेल्या लेन्सपैकी बहुतेक जाम नव्हत्याच. हेलिओस ४४ हे एका लेन्सचं नाव नाही, ते एका मोठ्या कुटुंबाचं नाव आहे. त्यातल्या कुणाची रिंग एका पद्धतीने चालते, कुणाची दुसऱ्या. हातात कोणती आवृत्ती आहे हे कळलं की निम्म्याहून जास्त तक्रारी तिथेच मिटतात.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझी पहिली ४४एम-४ मी मुंबईत फोर्टातल्या एका दुकानातून घेतली. दुकानदाराने सोबत एक अ‍ॅडॅप्टर दिला, "हाच लागतो सगळ्यांना" म्हणाला. घरी आल्यावर वर सांगितलेलं सगळं रामायण झालं. रात्री जेवणं झाल्यावर टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं, घड्याळजी वापरतात ते बारीक स्क्रूड्रायव्हर काढले आणि अ‍ॅपर्चर रिंगचे तीन इवलेसे स्क्रू सैल केले. रिंग वर उचलली मात्र, टिक्कन आवाज झाला. रिंगला खटके देणारी पोलादी गोळी, मोहरीएवढी, खालच्या स्प्रिंगने उडवली. तिने फरशीवर दोन टप्पे घेतले आणि ती फ्रिजच्या दिशेने पसार झाली. फ्रिज सरकवला, झाडू मारला, जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून जमिनीलगत फिरवलं. दोन टाचण्या आणि एक केसांची पिन मिळाली, गोळी नाही. आणि पाकळ्या? कोरड्या, स्वच्छ, काजळासारख्या काळ्या. लेन्सला काहीही झालेलं नव्हतं.

मग झालं काय होतं? त्यासाठी लेन्सच्या पाठीमागची ती छोटी पिन समजून घ्यावी लागते.

एम४२ म्हणजे ४२ मिलिमीटर व्यासाचे आणि १ मिलिमीटर अंतराचे आटे. १९४९ मध्ये ड्रेस्डेनच्या काँटॅक्स एस कॅमेऱ्याबरोबर लेन्स जोडायची ही बैठक बाजारात आली. पुढे प्राक्टिका, पेंटॅक्स, झेनिट अशा कितीतरी जणांनी ती उचलली. सुरुवातीच्या काळात कॅमेऱ्याला लेन्सच्या अ‍ॅपर्चरबद्दल काहीच ठाऊक नसायचं. उघड्या लेन्सवर फोकस करायचा, मग हाताने पाकळ्या मिटवायच्या, मग बटण दाबायचं. पुढे स्वयंचलित पद्धत आली. लेन्सच्या मागे एक पिन, आणि कॅमेऱ्याच्या तोंडाशी आत एक हलणारी पट्टी. तुम्ही बटण दाबलंत की पट्टी पुढे येते, पिन दाबते, पाकळ्या मिटतात, शटर उडतं, पिन सुटते, पाकळ्या पुन्हा उघडतात. म्हणजे अशा लेन्समध्ये पाकळ्या ओढायचं काम पिनचं. रिंग फक्त सांगते की पिन दाबली गेली तर कुठपर्यंत मिटायचं.

आता ही लेन्स मिररलेसवर चढवा. अ‍ॅडॅप्टर म्हणजे साधी पोकळ नळी. पिन दाबायला तिथे कुणीच नाही. रिंग बिचारी १६ सांगत राहते आणि लेन्स एफ/२ वरच, म्हणजे सताड उघडी, बसते.

तपासणी अशी करा. लेन्स कॅमेऱ्यावरून आणि अ‍ॅडॅप्टरमधूनही काढा. रिंग १६ वर ठेवा. पाठ आपल्याकडे करून पिन नखाने पूर्ण दाबा. पाकळ्या झटकन मिटल्या आणि सोडल्यावर झटकन उघडल्या तर लेन्स ठणठणीत आहे. रोग अ‍ॅडॅप्टरमध्ये किंवा लेन्सच्या बाजूच्या एखाद्या सरकत्या खटक्यात आहे. मिटल्या, पण म्हशीसारख्या सावकाश, किंवा सोडल्यावर अर्ध्यातच अडकल्या, तर तेलाचा मामला आहे, तो शेवटी बघू. आणि मागे पिनच नसेल तर बहुधा तुमच्या हातात ४४-२ किंवा तिच्याहून जुनी लेन्स आहे, आणि तिचं गणित पूर्ण वेगळं.

४४-२: दोन रिंगा, आणि दोन उलट तक्रारी

सगळ्या हेलिओस ४४ चं मूळ जर्मनीतल्या झाइस येना कंपनीची बायोटार ५८ मिमी एफ/२. सहा काचा, चार गट. पहिली ४४ ही १९५८ च्या सुमाराची, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातली. ४४-२ ही तिची एम४२ आट्यांची बहीण, जी झेनिट-ई कॅमेऱ्याबरोबर लाखोंनी विकली गेली. आपल्याकडेही कुणाच्या काकांच्या, कुणाच्या सासऱ्यांच्या कपाटात चामडी पेटीतला झेनिट निघतो, त्यावर बहुधा हीच असते. फिल्टरचे आटे ४९ मिमी, पाकळ्या आठ, सर्वांत जवळचा फोकस अर्धा मीटर.

हिला अ‍ॅपर्चरच्या दोन रिंगा आहेत आणि इथेच नवा माणूस फसतो. एक रिंग आकड्यांवर खटके देते. ती फक्त मर्यादा ठरवते, पाकळ्या हलवत नाही. दुसरी बिनखटक्याची, गुळगुळीत फिरणारी. पाकळ्या हलवते ती ही. तीसुद्धा एफ/२ पासून ठरवलेल्या मर्यादेपर्यंतच फिरते, पुढे नाही. जुन्या फोटोग्राफरची पद्धत अशी: खटक्याची रिंग ८ वर ठेवायची, दुसरी उघडी ठेवून फोकस करायचा, मग डोळा न काढता दुसरी अडेपर्यंत फिरवायची. अडली की समजायचं ८ आलं.

यातून दोन तक्रारी येतात, एकमेकींच्या अगदी उलट. पहिली, "रिंग फिरते पण काहीच होत नाही." तो माणूस फक्त खटक्याची रिंग फिरवत असतो. दुसरी मला माझ्या भाच्याने ऐकवली. फोनवर म्हणाला, "मामा, ही रिंग जामच आहे, हलतच नाही. पकडीने फिरवू का?" मी ओरडलोच. व्हिडिओ कॉल लावायला लावला. खटक्याची रिंग २ वर होती. मर्यादाच २, तर दुसरी रिंग हलणार कुठे? म्हटलं, पकड ठेव खाली, खटक्याची रिंग १६ वर ने आणि आता फिरव. फिरली. तो दोन सेकंद गप्प, मग म्हणाला, "हे कुठे लिहिलंय?" कुठेच लिहिलेलं नाही, ही खरी गोष्ट आहे. त्या काळी कॅमेऱ्यासोबत माहितीपुस्तिका यायची. आता लेन्स एकटीच येते, कुरियरच्या बबल रॅपमध्ये.

४४-२ ला कोणताही एम४२ अ‍ॅडॅप्टर चालतो. पिनच नाही, तर दाबायचं काय? शिवाय बिनखटक्याच्या रिंगमुळे व्हिडिओवाले तिच्यावर जीव टाकतात: चित्रण चालू असताना अ‍ॅपर्चर सरकवलं तरी आवाज नाही, धक्का नाही. मला विचाराल तर पहिली जुनी लेन्स म्हणून हीच घ्या. तिच्यात बिघडण्यासारखं कमी आहे.

४४एम: बाजूचा तो छोटा खटका

४४एम मध्ये पिन आली. सोबत बैठकीजवळ एक छोटा सरकता खटकाही आला, त्यावर ए आणि एम अशी अक्षरं. रशियन लिपीतही ती दोन अक्षरं रोमनसारखीच दिसतात, त्यामुळे वाचायला अडचण नाही. ए म्हणजे पिनच्या हवाली, एम म्हणजे हाताने. मिररलेसवर वापरायची तर खटका एम वर हवा. बस. इतकंच.

पण खटका दिसत नाही, ही अडचण. वर्षानुवर्षांची धूळ आणि हाताचा घाम बसून तो लेन्सच्या अंगाशी एकजीव झालेला असतो. टूथब्रशने साफ करा, मग नखाने सरकवा. सरकत नसेल तर जोर लावू नका. ब्रशला अगदी थोडं आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून पुसा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा प्रयत्न करा. ४४एम च्या फिल्टरचे आटे ५२ मिमी, पाकळ्या आठच.

४४एम-४ पासून पुढे: खटका गेला, भांडण सुरू

माझी गोळी गेली ती या घराण्यामुळे. ४४एम-४, ४४एम-५, ४४एम-६, ४४एम-७: हे शेवटचे आकडे लेन्स किती बारीक तपशील टिपते त्याच्या प्रतवारीचे, जितका मोठा तितकी वरची प्रत. नावाआधी एमसी असेल तर काचेवर बहुस्तरीय लेप आहे. पण आपल्या दुखण्याच्या दृष्टीने महत्त्वाचं वेगळंच: या सगळ्यांतून तो ए-एम खटका काढून टाकला गेला. नव्या झेनिटमध्ये पिन दाबणारी पट्टी होतीच, मग खटक्याची गरज काय, असा सरळ हिशेब. पाकळ्याही आठाच्या सहा झाल्या. मागचे दिवे एफ/४ ला षटकोनी दिसायला लागले की ओळखा, हे सहा पाकळ्यांचं घराणं आहे.

म्हणजे ४४एम-४ वर हाताने पाकळ्या मिटवायचा लेन्समध्येच काही उपाय नाही. तिला असा अ‍ॅडॅप्टर लागतो, ज्याच्या आत तळाशी एक सपाट कडा असते. लेन्स पूर्ण आवळली की ती कडा पिन कायमची दाबून धरते. मग पाकळ्या रिंगच्या इशाऱ्यावर चालतात. दुकानात "एम४२ चा द्या" म्हटलं की समोर येईल तो अ‍ॅडॅप्टर घेऊ नका. तोंडातून आत बघा. आतली भिंत सरळ खाली जात असेल तर ती साधी नळी, ४४-२ साठी. आट्यांच्या खाली आत वळलेली पातळ कड दिसली तर ती ४४एम-४ साठी. माझ्याकडे होती ती सरळ नळी. किमतीत फारसा फरक नसतो, म्हणून नवीन घेताना कड असलेलाच घ्या, तो ४४-२ लाही चालतो.

एक पोटभेद अ‍ॅडॅप्टरचाही आहे. काही अ‍ॅडॅप्टरची कड जरा जास्तच वर असते. पिन अति दाबली जाते आणि मग रिंग घट्ट होते, किंवा पाकळ्या एफ/२ ला पूर्ण उघडत नाहीत. ओळखायचं सोपं आहे: लेन्स पाव फेरी सैल करा. आट्यांचं अंतर १ मिमी, म्हणजे पाव फेरीत लेन्स पाव मिलिमीटर बाहेर येते. तेवढ्याने रिंग मोकळी झाली तर अ‍ॅडॅप्टर बदला. लेन्स अशी सैल ठेवून वापरू नका, ती फिरता फिरता हातात येईल.

लोक जुगाड विचारतात. पिन कापून टाकू का? अजिबात नाही. पिन हीच पाकळ्या ओढते. ती गेली की लेन्स जन्मभर एफ/२. पिन दाबून झटपट चिकटणारा गोंद लावू का? तोही नाही. त्या गोंदाच्या वाफा काचेवर पांढुरका थर सोडतात, आणि अ‍ॅडॅप्टरचे पैसे वाचवायच्या नादात लेन्स जाते.

नाव वाचूनही फसगत होते. समोरची नावाची कडी फिरवून निघते, त्यामुळे दुरुस्तीत एकीची कडी दुसरीवर चढलेली आढळते. कधी मुद्दामही चढवतात, कारण ४४-२ ला मागणी आहे. म्हणून नावापेक्षा अंग बघा. नाव ४४-२ आणि फिल्टर ५२ चा बसतोय, मागे पिन आहे? मग ती ४४-२ नाही. पाकळ्या मोजा: एफ/५.६ ला मिटवून भोकाचे कोपरे मोजले की झालं. क्रास्नोगोर्स्कच्या लेन्सवर लोलक आणि त्यातून जाणारा प्रकाशकिरण अशी खूण असते आणि क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा सालाचे असतात, ८१ म्हणजे १९८१. हीच लेन्स मिन्स्क आणि वल्दाईच्या कारखान्यांतही बनली. त्यांच्या खुणा वेगळ्या.

कोणती 'चांगली' हा प्रश्न येतोच. खरं सांगायचं तर सूत्र तेच असल्यामुळे उजेड पाठीशी असताना काढलेले फोटो शेजारी ठेवले तर मलाही ओळखता येत नाहीत. सूर्य समोर असेल तर एमसी वाल्या कमी धुरकटतात. पण धुरकटावं म्हणूनच तर लोक ही लेन्स घेतात! ४४एम-७ साठी दुप्पट पैसे मोजणाऱ्याला मी तरी दोनदा विचार करायला सांगेन.

आणि ४४के-४ नावाची लेन्स कुणी एम४२ म्हणून विकत असेल तर घेऊ नका. तिची बैठक पेंटॅक्स के ची आहे, आटेच नाहीत.

फिल्मवाल्यांसाठी वेगळा इशारा

हे दुखणं फक्त डिजिटलचं नाही. झेनिट-ई मध्ये पिन दाबणारी पट्टी नाही. तो ४४-२ च्या जमान्यातला कॅमेरा. त्यावर कुणी ४४एम-४ चढवली तर आटे बसतात, सगळं शोभून दिसतं, आणि अख्खा रोल एफ/२ वर जातो. झेनिट-ई चं शटर जास्तीत जास्त १/५०० चं. भर दुपारी ४०० आयएसओच्या फिल्मला साधारण एफ/१६ आणि १/४०० लागतं. तिथे एफ/२ म्हणजे सहा स्टॉपच्या आसपास जास्त उजेड, आणि दर स्टॉपला उजेड दुप्पट होतो. फिल्म धुऊन येईपर्यंत तुम्हाला पत्ताही लागत नाही. झेनिट-ई वर ४४-२ वापरा, किंवा ४४एम चा खटका एम वर ठेवून वापरा. झेनिट-ईएम, टीटीएल, १२एक्सपी यांच्यात पट्टी आहे, तिथे कोणतीही चालते. चालते असं म्हणतोय, पण जुन्या कॅमेऱ्यात ती पट्टीही आळसावलेली असू शकते. मागचं झाकण उघडून, फिल्म न घालता, शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं ते) धरा आणि रिंग १६ वर ठेवून आरपार बघा. भोक लहान दिसलं पाहिजे.

ताकुमारची गंमत

पेंटॅक्सच्या सुपर-ताकुमार लेन्सना ए-एम खटका आहे, त्यामुळे साध्या नळीवरही अडचण नाही. पण पुढच्या, उघड्या अ‍ॅपर्चरवरच कॅमेऱ्याला उजेड मोजू देणाऱ्या एस-एम-सी ताकुमारमध्ये एक खोडी आहे. आट्यांच्या भोवतीच्या सपाट कडेवर आणखी एक बारीकशी पिन असते. ती कॅमेऱ्याच्या तोंडाला टेकून दाबली गेली तरच खटका एम कडे सरकतो. लेन्स हातात असताना तो हलतच नाही, आणि लोक म्हणतात खटका मोडला. काही अ‍ॅडॅप्टरचं तोंड इतकं अरुंद असतं की ती पिन हवेतच राहते. उपाय: टाचणीच्या डोक्याने ती बारीक पिन दाबून धरा, तेवढ्यात खटका एम वर सरकवा, मग लेन्स चढवा.

ताकुमार ५० मिमी एफ/१.४ घेतली आणि सगळे फोटो चहासारखे पिवळट येत असतील तर तोही आवृत्तीचाच प्रश्न. पहिली आठ काचांची होती. नंतरच्या सात काचांच्या आवृत्तीत थोरियम मिसळलेली काच वापरली आणि ती वर्षांनी पिवळी पडते. काच पुसून काही होत नाही. झाकणं काढून खिडकीत उन्हाला काही आठवडे ठेवली की उतरते. मात्र काच सूर्याकडे तोंड करून पडद्यासमोर ठेवू नका, भिंग आहे ते, पडदा पेटेल.

फुजिनॉनच्या एम४२ लेन्सच्या पाठीमागे अ‍ॅपर्चर रिंगला एक छोटा दात असतो. तो अ‍ॅडॅप्टरच्या तोंडावर घासतो आणि पूर्ण आवळल्यावर रिंग अडते. तिथेही लेन्स निर्दोष असते.

आणि खरोखरच तेल असेल तर

पिन नखाने दाबून पाकळ्या सुस्त दिसल्या, किंवा त्यांच्यावर इंद्रधनुषी चकाकी दिसली, तर तेल आहे. हे तेल कुणी घातलेलं नसतं. फोकसच्या आट्यांना लावलेलं ग्रीस वर्षांनुवर्षं उष्णतेने फुटतं, त्यातला पातळ भाग सुटून रांगत पाकळ्यांपर्यंत येतो. मे महिन्यात नागपुरात गाडीच्या डिकीत लेन्स राहिली तर हे काम लवकर होतं. कोकणात आणि मुंबईत काचेवर बुरशी, विदर्भात पाकळ्यांवर तेल, असा माझा अनुभव.

इथेही आवृत्ती बघा. ४४-२ च्या पाकळ्या हाताने फिरतात, त्यामुळे थोड्या तेलाने तिचं काही अडत नाही. पाकळ्यांवर चकाकी दिसली म्हणून ती उघडू नका. काचेच्या आतल्या बाजूला धुकट थर दिसायला लागला तरच उघडा. ४४एम पासून पुढच्या लेन्समध्ये मात्र पाकळ्या ओढणारी स्प्रिंग नाजूक असते, तेलाचा चिकटपणा तिला झेपत नाही. तिथे सफाई लागते.

सफाईसाठी पाकळ्या सुट्या करायच्या नाहीत, हे मनाशी पक्कं करा. एकदा सुट्या झाल्या की आठ पाकळ्या परत बसवणं म्हणजे पत्त्यांचा बंगला. समोरची नावाची कडी सायकलच्या ट्यूबचा तुकडा किंवा तोंडाएवढं रबरी बूच दाबून फिरवली की निघते. तिच्या मागे पुढच्या काचांचा गट असतो, तोही आट्यांवरच असतो. तो सरळ बाहेर येतो. मागचा गट पाठीमागून तसाच. आता पाकळ्या दोन्ही बाजूंनी मोकळ्या दिसतात. लायटरमध्ये भरायचं पेट्रोल कापसाच्या काडीला लावा, काडी पिळून घ्या, पाकळ्या अर्ध्या मिटवून हळू पुसा, उघडा, मिटवा, पुन्हा पुसा. काडी काळी येते तोवर चालू ठेवा. पेट्रोल ओतू नका. ओतलेलं पेट्रोल ग्रीसपर्यंत पोचतं, ते पातळ करतं आणि पंधरा दिवसांत पाकळ्या पुन्हा चिकट. खिडकी उघडी, गॅस बंद, देवघरातला दिवाही विझलेला. पाकळ्या पूर्ण कोरड्या झाल्यावर, दुसऱ्या दिवशी, काचा परत चढवा. शिवणयंत्राचं तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारणाऱ्यांना मी काही बोलत नाही, त्यांच्या लेन्स नंतर माझ्याकडेच येतात.

पाकळ्या कोरड्या असून अडल्या असतील, रिंग फिरवताना खरखर येत असेल, तर मात्र जोर अजिबात नको. पातळ पत्रा आहे तो, एक जरी दुमडली तरी बाकीच्या अडकतात. अशी लेन्स कारागिराकडे.

एवढं करूनही फोटो पुसट येत असतील तर दोष अ‍ॅपर्चरचा नसून अंतराचा असू शकतो. एम४२ लेन्सला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागतं. निकॉनच्या जुन्या डीएसएलआरमध्ये बैठकच ४६.५ मिमी वर आहे, म्हणजे लेन्स जवळजवळ १ मिमी पुढे राहते. ५८ मिमीच्या लेन्सला तेवढ्याने साधारण सव्वातीन मीटरपलीकडचं काहीच स्पष्ट होत नाही. काच बसवलेला अ‍ॅडॅप्टर अंतर सुधारतो पण चित्र बिघडवतो. मिररलेसवर हा प्रश्नच नाही. सोनी ई ची बैठक १८ मिमी वर, मधली जागा अ‍ॅडॅप्टर भरून काढतो. फक्त सर्वांत जुनी, ३९ मिमी आट्यांची ४४ असेल तर सांभाळा. लायकाच्या अ‍ॅडॅप्टरचे आटेही ३९ चेच, लेन्स त्यात सुखाने बसते, पण लायकाचं अंतर २८.८ मिमी. कुठेच फोकस होणार नाही. तिला ३९ ते ४२ ची कडी चढवून एम४२ अ‍ॅडॅप्टरवरच लावा. आणि शटरच उडत नसेल तर कॅमेऱ्याच्या मेनूत लेन्सशिवाय शटर उडू देण्याची सोय चालू करा. कॅमेऱ्याला वाटतं लेन्सच नाही.

माझी ती ४४एम-४ कड असलेला अ‍ॅडॅप्टर मिळाल्यावर पहिल्या झटक्यात चालली. गोळी काही सापडली नाही, त्यामुळे आता तिची रिंगही बिनखटक्याची. भाचा ती व्हिडिओसाठी घेऊन गेला. रिंग धक्क्याने आपोआप सरकते म्हणतो, म्हणून शूटच्या आधी तिच्यावर कागदी टेपचा बोटभर तुकडा चिकटवतो.